जीव, मन आणि पुद्गल : पाले लेण्यापासून लोणावळ्याच्या प्रयोगशाळेपर्यंत

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, इंद्रायणी आणि पवना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला मावळ प्रांत इतिहासात ओळखला जातो तो प्रामुख्याने मावळ्यांच्या पराक्रमामुळे आणि लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग, तिकोना या दुर्गांमुळे. परंतु या भूमीला त्याहूनही प्राचीन असा एक इतिहास आहे. तो तलवारीचा नाही, विचाराचा आहे. कोकणातील सोपारा व कल्याण या बंदरांतून देशावर येणारा व्यापारी मार्ग बोरघाट चढून याच मावळातून पुढे जात असे. या मार्गाने बैलांच्या पाठीवरून माल आला, आणि मालाबरोबर श्रमणही आले. व्यापाऱ्याने दान द्यावे, श्रमणाने वर्षावासासाठी गुहेत थांबावे आणि तेथे मनुष्यजीवनाच्या मूळ प्रश्नांचे चिंतन व्हावे, अशी ही परंपरा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच येथे रुजलेली होती.

त्या मूळ प्रश्नांपैकी एक आजही जगातील तत्त्ववेत्त्यांना आणि शास्त्रज्ञांना सुटलेला नाही. देह हे जडद्रव्य आहे. देहात प्राण खेळतो. आणि देहातच विचार करणारे, सुखदुःख जाणणारे मन आहे. जड, प्राण आणि मन या तिघांचे परस्परांशी नाते काय? ही एकाच वस्तूची तीन रूपे आहेत, की तीन भिन्न वस्तू आहेत? आणि त्यांच्यापलीकडे आणखी काही आहे काय? आश्चर्याची गोष्ट अशी, की या प्रश्नाची अगदी भिन्न उत्तरे शोधणारे साधक व अभ्यासक मावळच्याच डोंगरांत, एकमेकांपासून थोड्या कोसांच्या अंतरावर होऊन गेले.

पाले आणि लोहगड

मावळ तालुक्यातील पाले गावाजवळच्या एका साध्या लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक छोटा प्राकृत शिलालेख आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे थोर पुरातत्त्ववेत्ते डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी १९६९ च्या सुमारास त्याचे वाचन करून तो विद्वानांसमोर मांडला. लेखाचा आरंभ अरिहंतांना केलेल्या नमस्काराने होतो. भदंत इंद्ररक्षित यांनी हे लेणे आणि एक ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, करविले, असा त्यातील आशय आहे. ‘अरहंत’ हा शब्द बौद्ध परंपरेतही आदराने वापरला जातो. तथापि लेखारंभीच्या नमस्काराची शब्दरचना नवकार महामंत्राच्या पहिल्या पदाशी जुळते, म्हणून अभ्यासकांनी तो जैन लेख मानला. महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन लेखांमध्ये त्याची गणना होते.

पुढे २०१९ साली लोहगडावरील एका कोरीव गुहेत तशाच धाटणीचा, परंतु अधिक विस्तृत असा ब्राह्मी लेख गिर्यारोहकांच्या दृष्टीस पडला आणि डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तो वाचला. त्यातही आरंभी अरिहंतांना नमस्कार आहे, त्याच इंद्ररक्षितांचे नाव आहे आणि पाण्याच्या टाक्याचा व बसण्याच्या आसनांचा उल्लेख आहे. एकाच पुण्यशील व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी सापडावे, यावरून त्या काळी मावळात जैन श्रमणांचा वावर काही अपघाताने घडलेला नव्हता, हे स्पष्ट होते.

या दोन्ही लेखांत तत्त्वज्ञानाची चर्चा नाही. आहे ते केवळ लेणे, टाके आणि आसन. परंतु जैन आचारात पाण्याचे टाके ही साधी वस्तू नाही. पाणी पिण्यापूर्वी ते गाळले पाहिजे, कारण त्यात जीव आहेत. एवढेच नव्हे, तर पाणी हीच ज्यांची काया आहे असे एकेंद्रिय जीवही आहेत. म्हणून ते गरजेपुरतेच वापरले पाहिजे. गाळण्याचे कापड दुहेरी, घट्ट विणीचे असावे आणि गाळलेला अंश पुन्हा त्याच पाण्यात अलगद सोडावा, हा घराघरांतील नियम त्याच विचारातून आला आहे. जड आणि जीव यांच्या सीमेविषयीचा एक संपूर्ण सिद्धांत त्या वीतभर कापडात सामावलेला आहे.

शेजारच्या लेण्यांतील दुसरे उत्तर

पाल्याच्या साध्या गुहेच्या तुलनेत भाजे, बेडसे आणि कार्ले येथील बौद्ध लेणी भव्य आहेत. कार्ल्याचा चैत्य भारतातील सर्वांत विशाल कोरीव चैत्यगृहांपैकी एक असून तेथील लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठींनी केलेल्या दानाचा उल्लेख आहे. धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावेही तेथील स्तंभांवर वाचावयास मिळतात. श्रेष्ठी, वणिक, कारागीर आणि परदेशी व्यापारी या सर्वांच्या दानातून ती कलाकृती उभी राहिली.

या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंचे उत्तर निराळे होते. बौद्ध दर्शनानुसार ज्याला मनुष्य ‘मी’ म्हणतो, तो रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचा प्रवाह आहे. प्रवाहापलीकडे टिकून राहणारा असा वेगळा आत्मा नाही. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, तरी ती एकच भासते, तसे हे आहे. याउलट, पाल्याच्या गुहेत ध्यानस्थ बसणाऱ्या श्रमणाची श्रद्धा अशी होती, की अवस्था बदलतात परंतु त्या अवस्थांचा धारक असलेला जीव नित्य आहे. सुवर्णाचे कंकण मोडून कुंडल केले, तर आकार गेला आणि आकार आला, सोने मात्र तेच राहिले. द्रव्याच्या दृष्टीने नित्य आणि पर्यायाच्या दृष्टीने अनित्य, ही अनेकान्ताची भूमिका येथे बौद्ध मताचे सत्य नाकारीत नाही. ते अपुरे आहे, एवढेच सांगते. दोन्ही मतांचे साधक एकाच डोंगररांगेत, एकाच पावसात राहत होते.

मन कोणत्या बाजूस?

जैन दर्शनाची मांडणी सर्वसाधारण समजुतीपेक्षा बरीच वेगळी आहे. बोलताना लोक जीव, मन आणि आत्मा हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतात. शास्त्रात मात्र त्यांचे खाते स्वतंत्र आहे. जीवाचे लक्षण उपयोग, म्हणजे जाणणे आणि पाहणे. पुद्गलाचे लक्षण स्पर्श, रस, गंध आणि वर्ण. प्रश्न असा, की मन कोणत्या खात्यावर मांडावयाचे?

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रास श्वेतांबर व दिगंबर हे दोन्ही आम्नाय प्रमाण मानतात. त्याच्या पाचव्या अध्यायात शरीर, वाणी, मन आणि श्वासोच्छ्वास हे सर्व पुद्गलाचे जीवावरील उपकार म्हणून सांगितले आहेत. याचा अर्थ, विचार करण्याचे साधन असलेले द्रव्यमन हे जडाच्या बाजूस आहे. मनोवर्गणेच्या अतिसूक्ष्म पुद्गलांपासून ते बनते. त्या साधनाद्वारे जीवाची जाणण्याची जी क्रिया चालते, ते भावमन. द्रव्यमनाच्या स्थानाविषयी आम्नायांत मतभेद आहे. दिगंबर ग्रंथ ते हृदयस्थानी अष्टदल कमळाच्या आकाराचे मानतात, तर श्वेतांबर परंपरेत ते सर्व शरीरात व्यापलेले मानले जाते. परंतु ते पौद्गलिक आहे, याविषयी दोघांत दुमत नाही.

मग ज्याला लोक ‘जीवन’ म्हणतात, ते काय? त्याचे उत्तर दहा प्राणांच्या गणनेत आहे. पाच इंद्रिये, मनोबल, वचनबल व कायबल ही तीन बले, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य हे ते दहा प्राण होत. एकेंद्रिय जीवास त्यांपैकी चार असतात : स्पर्शन, कायबल, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. द्वींद्रियास रसना व वचनबल मिळून सहा, त्रींद्रियास सात, चतुरिंद्रियास आठ, मनरहित पंचेंद्रियास नऊ आणि मनसहित पंचेंद्रियास दहा. म्हणजे झाडाला मन नाही, तरी जीवन आहे. मुंगीला मन नाही, तरी वेदना आहे. मन ही जीवनाच्या शिडीवरची सर्वांत वरची पायरी आहे, शिडीचा पाया नव्हे. आणि सिद्ध परमात्म्यास यांपैकी एकही द्रव्यप्राण नाही. श्वास नाही, देह नाही, मन नाही, तरीही तो परिपूर्ण जीव आहे. यावरून प्राण म्हणजे जीव नव्हे, हे उघड होते. प्राण ही जीव आणि पुद्गल यांच्या भागीदारीची संसारातील खूण आहे.

ही मांडणी नुसती पंडितांची कसरत नाही. पहिल्या महाव्रताचे नाव जीवघातविरमण असे नसून ‘प्राणातिपातविरमण’ असे आहे. जीव नित्य आहे, त्याचा नाश कोणी करू शकत नाही. मग हिंसा कशाची होते? ती प्राणांची होते. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येचा आशय असा, की प्रमादयुक्त योगाने प्राणांचा वियोग घडविणे ही हिंसा. या एका व्याख्येत तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. प्रमाद हा जीवाच्या भावाचा, योग हा मन, वचन व काया या जडाच्या हालचालीचा आणि वियोग हा प्राणांचा. जगातील इतर दर्शनांनी मन, जीवन आणि जड यांचे नाते ज्ञानाच्या अंगाने शोधले. जैन दर्शनाने ते सर्वप्रथम दयेच्या अंगाने मांडले.

जडाचा जीवाशी संबंध जुळतो कसा, यासाठी आचार्यांनी वस्त्राचा दृष्टांत दिला आहे. कोऱ्या, सुक्या कापडावर धूळ पडली तर झटकताच निघून जाते. तेच कापड तेलकट वा ओले असेल तर धूळ चिकटून बसते. कषाय हा तो ओलावा आहे आणि कर्मपुद्गल ही ती धूळ. कापडाच्या व्यवहारात आयुष्य घालविणाऱ्या श्रावकांना हा दृष्टांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही. डाग कापडावर दिसतो, पण डाग म्हणजे कापड नव्हे, आणि धुण्याची सोय आहे, हाच तर धर्माचा आधार आहे.

राजा प्रदेशीचे प्रयोग

जीव आणि देह भिन्न नाहीत, असे मानणारेही भारतात प्राचीन काळापासून होते. श्वेतांबर आगमांतील ‘रायपसेणिय’ या उपांगात राजा प्रदेशी आणि पार्श्वनाथ परंपरेतील केशीकुमार श्रमण यांचा संवाद आहे. व्याख्यानांतून ही कथा अनेकांनी ऐकलेली असते, परंतु तिचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात येत नाही. प्रदेशी हा केवळ नास्तिक नव्हता, तो प्रयोग करणारा होता.

त्याने एका चोराला लोखंडी कुंभीत घालून झाकण पक्के बंद केले. चोर मेला, परंतु कुंभीला कोठेही छिद्र पडले नाही. मग जीव बाहेर गेला कोठून? दुसऱ्या चोराला त्याने जिवंतपणी व मेल्यावर तोलून पाहिले. वजनात फरक आढळला नाही. तिसऱ्याच्या देहाचे तुकडे करून शोधले, जीव कोठेच दिसला नाही. प्रयोग क्रूर होते, परंतु शंका खरी होती. केशीस्वामींनी राजाचा उपहास केला नाही. त्यांनी प्रत्येक प्रयोगाला दृष्टांताने उत्तर दिले. बंद घरातील भेरीचा नाद भिंतीला भोक न पाडता बाहेर येतो. हवेने भरलेली व रिकामी चामड्याची पिशवी तराजूवर सारखीच तोलली जाते. आणि लाकडातील अग्नी शोधण्यासाठी लाकडाचे तुकडे करीत बसणारा मनुष्य भोळा ठरतो. अग्नी घर्षणाने प्रकट होतो, कुऱ्हाडीने नव्हे.

आजच्या काळातील काटेकोर तराजूवर दाबून भरलेल्या हवेचेही वजन भरते, हे शाळेतील मुलासही ठाऊक आहे. म्हणून दृष्टांतांना भौतिकशास्त्राचे नियम समजू नये. त्यांचे मर्म निराळे आहे. ज्या साधनाने जे मोजता येत नाही, ते त्या साधनाने न सापडल्यास नाही असे ठरत नाही, एवढेच केशीस्वामींना सांगावयाचे आहे.

कथेचा शेवटही विसरण्यासारखा नाही. प्रदेशी श्रावक झाला, राज्यकारभारापासून विरक्त झाला आणि राणी सूर्यकांतेने त्याला विष दिले. विष देहात भिनत असतानाही त्याने राणीवर क्रोध केला नाही. ज्याने दुसऱ्यांच्या देहात जीव शोधून पाहिला होता, त्याला अखेरीस तो स्वतःच्या समतेत गवसला.

युरोपातील एक प्रश्न

पश्चिमेकडे हाच वाद सतराव्या शतकात नव्याने उभा राहिला. फ्रेंच तत्त्ववेत्ता रने देकार्त याने १६४१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मन आणि जड ही दोन सर्वस्वी भिन्न द्रव्ये आहेत, असे प्रतिपादन केले. जडाला विस्तार आहे, विचार नाही. मनाला विचार आहे, विस्तार नाही. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ साली त्याला पत्र लिहून साधा प्रश्न विचारला : ज्याला विस्तारच नाही, ते मन देहाला हलविते कसे? देकार्तचे उत्तर तिला पटले नाही आणि पुढे अनेक तत्त्ववेत्त्यांनी तोच प्रश्न उचलून धरला.

जैन दर्शनापुढे ही अडचण याच स्वरूपात येत नाही, कारण मन हे येथे देहाचेच सूक्ष्म भावंड आहे. जडाने जडाला हलवावे यात नवल नाही. परंतु अडचण नाहीशी होत नाही, ती एक पायरी आत सरकते. अमूर्त जीव मूर्त कर्माशी बांधला जातो कसा? आचार्यांचे उत्तर असे, की संसारी जीव शुद्ध अमूर्त अवस्थेत कधी नव्हताच. खाणीतील सोने मातीसह असते, तसा तो अनादि काळापासून कर्मासह आहे. ‘पहिला संयोग कसा झाला’ हा प्रश्नच त्यामुळे उद्भवत नाही. हे उत्तर सर्वांचे समाधान करील असे नाही, परंतु प्रश्न टाळलेला नाही, हे मात्र खरे.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

विसाव्या शतकात या प्रश्नाला नवे वळण देणारी घटना मावळातच घडली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे झाला. बडोद्यात प्रो. माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामविद्येचे शिक्षण घेतले. पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडे ते योग शिकले. मधल्या काळात खानदेशातील अमळनेर येथे त्यांनी शिक्षणकार्य केले. याच अमळनेरात कापडगिरणीचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था स्थापन केली होती. व्यापारातून मिळविलेले धन तत्त्वचिंतनासाठी वेचण्याची कार्ल्याच्या श्रेष्ठींची परंपरा विसाव्या शतकातही खंडित झालेली नव्हती, हे येथे दिसून येते.

१९२४ साली कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगाच्या क्रिया प्रत्यक्ष मोजून पाहाव्यात, हा त्यांचा आग्रह होता. नौलीच्या क्रियेत साधक आतड्यात पाणी ओढून घेतो, हे पूर्वीपासून ज्ञात होते. ते कसे घडते, हे त्यांनी दाबमापकाने पाहिले आणि पोटातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो असे दाखविले. या निर्वातास त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. क्ष-किरणांचा उपयोगही त्यांनी योगाच्या अभ्यासासाठी फार लवकर केला.

त्यांचे खरे मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, अशी लोकप्रिय समजूत त्या काळी होती आणि आजही आहे. कुवलयानंदांच्या मोजमापांत तिला आधार मिळाला नाही, आणि त्यांनी ते तसे स्पष्टपणे मांडले. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी मज्जासंस्थेच्या साधनेत पाहिले. योगावर नितांत श्रद्धा असलेल्या मनुष्याने योगाच्या बाजूची एक सोयीची समजूत स्वतः बाजूला ठेवली.

१९५७ साली वेंगर व बागची हे अमेरिकेतील संशोधक भारतात आले आणि त्यांनी ठिकठिकाणच्या योग्यांचा अभ्यास केला. हृदय थांबविण्याचा दावा करणाऱ्यांची नाडी लागेनाशी होत असे. परंतु विद्युत-आलेखात हृदय चालूच असल्याचे त्यांना दिसले. कैवल्यधामातही हवाबंद खड्ड्यात माणसांना ठेवून श्वसनाचे प्रयोग झाले व करंबेळकर, विणेकर आणि भोळे यांनी त्यांचे निष्कर्ष १९६८ साली प्रसिद्ध केले. प्रदेशी राजाच्या कुंभीची येथे आठवण होते. फरक इतकाच, आणि तो फार मोठा, की येथे मनुष्य स्वेच्छेने आत बसे आणि त्रास होताच बाहेर येत असे. कुंभीत प्राण घेतला जात होता, खड्ड्यात प्राण अभ्यासला जात होता. कुवलयानंदांचे देहावसान १८ एप्रिल १९६६ रोजी झाले. त्यांची संस्था आजही लोणावळ्यात कार्यरत आहे.

या संशोधनाकडे जैन दृष्टीने कसे पाहावे? कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी (१०८९–११७२) आपल्या ‘योगशास्त्र’ ग्रंथात पाचव्या प्रकाशात प्राणायामाचे विस्तृत वर्णन केले. परंतु सहाव्या प्रकाशात, श्वासाचा बळजबरीने निरोध केल्यास मन क्लेश पावते व तो मोक्षमार्गास साहाय्यक होत नाही, असेही सांगितले. बाराव्या प्रकाशात त्यांनी विक्षिप्त, यातायात, श्लिष्ट आणि सुलीन असे मनाचे चार प्रकार केले. श्वास आणि मन एकमेकांशी बांधलेले आहेत, हे आचार्यांना मान्य आहे. परंतु दोन्ही जीवाची साधने आहेत आणि साधनावरील ताबा हे साध्य नव्हे, हा त्यांचा निर्णय आहे.

प्रमाणपत्राचा मोह

येथेच एक सावधगिरी आवश्यक आहे. समाजातील पुस्तिकांत ‘कॅप्टन स्कोर्सबी यांनी पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव पाहिले’ असे वाक्य वारंवार छापले जाते आणि त्यावरून शास्त्रवचन सिद्ध झाले, असे म्हटले जाते. परंतु सूक्ष्मदर्शकातून दिसणारे हलते जीव हे पाण्यात राहणारे जीव होत. पाणी हीच ज्यांची काया, ते अप्काय जीव निराळे. ते कोणत्याही भिंगातून दिसलेले नाहीत. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींच्या विद्युत-प्रतिसादाचे जे प्रयोग केले, त्यांचाही असाच दाखला दिला जातो. त्यांनी धातूंतही तशा प्रतिसादाचे साम्य दाखविले होते, हे मात्र सांगितले जात नाही.

१९०७ साली अमेरिकेतील डॉ. डंकन मॅक्डुगल यांनी मरणासन्न रुग्णांना तोलून आत्म्याचे वजन सुमारे २१ ग्रॅम असल्याचे सुचविले. केवळ सहा रुग्ण, त्यांतही निष्कर्षांत मेळ नाही, म्हणून विज्ञानाने ते स्वीकारले नाही. तरीही अनेक धार्मिक व्यक्ती हा आकडा आनंदाने सांगतात. त्यांच्या ध्यानात येत नाही, की तो खरा ठरला असता तर जैन सिद्धांत सिद्ध झाला नसता, खंडित झाला असता. गुरुत्व हा पुद्गलाच्या स्पर्शगुणाचा प्रकार आहे. ज्याला वजन आहे ते पुद्गल असेल, जीव नसेल.

म्हणून प्रयोगशाळेकडून प्रमाणपत्र मागण्याची गरज नाही, आणि तिची भीती बाळगण्याचेही कारण नाही. मेंदूतील घडामोडींमुळे क्रोध येतो, औषधाने मन शांत होते, मस्तकाला इजा झाल्यास स्मृती जाते, हे विज्ञान दाखविते. मन पौद्गलिक आहे असे मानणाऱ्यांना यात धक्का बसण्यासारखे काय आहे? उलट मनोविकाराने पीडित झालेल्या कुटुंबीयास ‘कर्माचे फळ’ म्हणून घरात बसवून न ठेवता वैद्याकडे नेले पाहिजे, हे या सिद्धांतातूनच निष्पन्न होते. ताप आलेल्या देहास औषध देणे धर्मविरुद्ध नाही, तर व्याधिग्रस्त मनास देणे कसे असेल?

अंतकाळाच्या प्रश्नातही या विवेकाची कसोटी लागते. भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू म्हणून मान्य केला. यंत्राच्या साहाय्याने छाती हलत असता वैद्य मृत्यू घोषित करतात, तेव्हा श्रद्धावान कुटुंबापुढे पेच उभा राहतो. दहा प्राणांपैकी इंद्रिये, बल आणि श्वास यांची तपासणी वैद्य करू शकतो. आयुष्यप्राण मात्र कोणत्याही यंत्राच्या कक्षेत येत नाही. अशा वेळी वैद्याचे ज्ञान, गुरुभगवंतांचे मार्गदर्शन आणि कुटुंबाची करुणा यांचा मेळ घालूनच निर्णय करावा लागतो.

१० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येचा प्रकार ठरविला आणि ३१ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. त्या वादाचे मूळही याच प्रश्नात आहे. आत्महत्येत मन कषायाने पेटलेले असते. संथाऱ्यात मन शांत करून, कषाय क्षीण करून, गळत चाललेल्या देहाची आसक्ती सोडावयाची असते. बाहेरून दोन्हींचा शेवट सारखा दिसतो, फरक आत आहे. म्हणूनच तो आत शांत आहे की नाही, कोणाचा आग्रह वा दबाव तर नाही ना, हे पाहण्याची समाजावरील जबाबदारी फार मोठी आहे. ती पार पाडली, तरच व्रताची पवित्रता टिकते.

उपसंहार

इंद्ररक्षितांनी पाल्यास लेणे आणि टाके करविले. भूतपाल श्रेष्ठींनी कार्ल्यास दान दिले. प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले. कुवलयानंदांनी लोणावळ्यात प्रयोगशाळा थाटली. प्रत्येकाचे उत्तर वेगळे, पण प्रश्नाविषयीची निष्ठा एकच. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव येथील जैन कुटुंबे व्यापाराच्या निमित्ताने या भूमीत आली. त्यांच्यासाठी हा वारसा केवळ अभिमानाचा विषय नाही. पाल्याच्या त्या लेखाची नीट जपणूक व्हावी, पाठशाळेतील मुलांनी एकदा तरी ते लेणे जाऊन पाहावे आणि दहा प्राणांची नावे पाठ करताना त्यांचा अर्थही समजून घ्यावा, हे सुवर्णमहोत्सवी वर्षात सहज करता येण्याजोगे कार्य आहे.

उमास्वातींनी पुद्गलाचे उपकार सांगून झाल्यावर लगेच जीवांचा एकमेकांवरील उपकार सांगितला आहे. त्या क्रमात फार मोठा अर्थ आहे. देह, वाणी, मन आणि श्वास ही जडाकडून मिळालेली उसनवारी आहे. ती परत करण्याचा दिवस प्रत्येकाच्या वहीत लिहिलेला आहे. तोपर्यंत तिचा उपयोग दुसऱ्याच्या प्राणांना अभय देण्यासाठी व्हावा, एवढेच मनुष्याच्या हाती आहे.

॥ शुभं भवतु ॥